बनावट संकेतस्थळांची बहिरंगपरीक्षा

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आहे. २०२५ सालच्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत, जन्ममृत्यूंच्या शासकीय नोंदणीप्रणालीत या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाल्याचे उघडकीस आले. गावाच्या लोकसंख्येच्या अठरापट मुले एका तिमाहीत जन्मास येत नाहीत, हे कळण्यास संख्याशास्त्र लागत नाही. यवतमाळ येथे गुन्हा दाखल झाला आणि पुढे राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. या प्रकरणातील आरोप-प्रत्यारोपांचा विचार येथे कर्तव्य नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात लक्षणीय आहे ती एकच गोष्ट. नोंदणीची प्रणाली खरी होती, संकेतस्थळ शासनाचेच होते, ग्रामपंचायतही खरी होती. खोटे होते ते त्या खात्यातून झालेले लेखन. पूर्वी कचेरीचा शिक्का पेटीत कुलपाखाली राही व त्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे हे साऱ्या कचेरीस ठाऊक असे. आता प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द हाच शिक्का होय. तो ज्याच्या हाती जाईल त्याचे लेखन अस्सल ठरते, आणि तो हाती गेल्याचे धन्यास कित्येक दिवस कळतही नाही.

हा शिक्का मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. परंतु त्यांतील सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे तो धन्याकडूनच मागून घेणे. यास इंग्रजीत ‘फिशिंग’ अशी संज्ञा आहे. मासे पकडण्याच्या क्रियेवरून बनलेला, पण हेतुपुरस्सर वेगळ्या वर्णांनी लिहिलेला हा शब्द १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांची खाती लुबाडणाऱ्या तरुणांच्या बोलीतून वर आला. विश्वासार्ह संस्थेचे सोंग घेऊन पत्र पाठवावयाचे, त्या पत्रातून हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळाकडे न्यावयाचे आणि तेथे मनुष्याने स्वहस्ते आपली किल्ली ठेवावी अशी योजना करावयाची, हे त्याचे स्वरूप आजही मुळात तेच आहे. भारतात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नॅसकॉम’ या संस्थेच्या दाव्यात या प्रकाराची व्याख्या करून तो बेकायदेशीर ठरविला, तेव्हा त्यास उद्देशून कायद्यात स्वतंत्र कलम नव्हते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात ‘६६ क’ आणि ‘६६ ड’ ही कलमे २००८ च्या दुरुस्तीने आली व २००९ च्या ऑक्टोबरात अमलात आली. पहिले दुसऱ्याची ओळख चोरण्यास आणि दुसरे संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविण्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगते.

गळाला आमिष लागते, आणि आमिष प्रसंगानुरूप निवडावे लागते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ते प्रसंग शासकीय योजनांच्या मुदतींनी पुरविले आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता यवतमाळ येथूनच वितरित झाला. या योजनेच्या लाभार्थींची ‘यादी’ म्हणून व्हॉट्सॲपवरून पसरविल्या गेलेल्या बनावट ॲपची ख्याती नंतरच्या काळात महाराष्ट्रभर व बाहेरही झाली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आवश्यक करण्यात आली, आणि त्याच सुमारास मिळत्याजुळत्या नावाची खोटी स्थळे शोधयंत्रात दिसू लागल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या. कुसुम योजनेतील सौर पंपांच्या नावाने शेतकऱ्यांकडून नोंदणीशुल्क उकळणाऱ्या संकेतस्थळांविषयी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास २०१९ पासून पुनःपुन्हा इशारे द्यावे लागले. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळास हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी करणे आले. ज्याने आयुष्यात अर्ज केला तो तलाठ्याच्या चावडीत, त्याला आता ठरावीक दिवसाच्या आत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आधार क्रमांक द्यावयाचा आहे. मुदत खरी, गरज खरी, योजना खरी. एवढ्या खऱ्या गोष्टींच्या गर्दीत एक खोटा दुवा सहज खपून जातो. फसणारा मनुष्य लोभी किंवा अडाणी असतो, ही समजूत या दृष्टीने अन्यायकारक आहे. बहुतेक वेळा तो सांगितलेले काम वेळेवर करू पाहणारा मनुष्य असतो.

मग अस्सल आणि नक्कल यांतील भेद कोणत्या खुणेने करावा? हा प्रश्न महाराष्ट्रातील विद्येस नवा नाही. वतनांच्या भांडणांत हजर होणाऱ्या बनावट सनदा पारखता पारखता येथील इतिहाससंशोधनात कागदाची अंतरंगपरीक्षा आणि बहिरंगपरीक्षा अशा दोन पद्धती रूढ झाल्या. मजकुराची भाषा, मायना, उल्लेखिलेल्या घटना यांवरून करावयाची ती अंतरंगपरीक्षा. कागद, शिक्का, मोर्तब आणि तो कागद कोणाच्या दप्तरातून आला यांवरून करावयाची ती बहिरंगपरीक्षा.

ई-मेलविषयी सर्वसाधारणपणे जो उपदेश केला जातो तो जवळजवळ सर्व अंतरंगपरीक्षेचा असतो. मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका आहेत काय, भाषा ओबडधोबड आहे काय, बोधचिन्ह अस्पष्ट आहे काय, हे पाहावे असे सांगतात. हा उपदेश आता निरुपयोगी झाला आहे. किंबहुना तो अपायकारक आहे, कारण निर्दोष मराठीतील पत्र आले की तो ऐकलेला मनुष्य निःशंक होतो. भाषा जुळविणाऱ्या यंत्रांच्या आजच्या काळात शुद्ध, सरकारी वळणाचे मराठी पत्र तयार होण्यास काही क्षण पुरतात, आणि बोधचिन्ह तर मूळ स्थळावरूनच उचलता येते. (खरी शासकीय परिपत्रके शुद्धलेखनाच्या कसोटीस नेहमी उतरतातच असेही नाही!) नक्कल किती पुरेशी असते याचे प्रमाण जुने आहे. धमीजा, टायगर आणि हर्स्ट या तिघा संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २२ जणांस काही खरी व काही खोटी अशी २० संकेतस्थळे दाखविली. त्यांपैकी सर्वांत चांगल्या वठलेल्या खोट्या स्थळाने शेकडा ९० जणांस फसविले. आणि जवळपास एकचतुर्थांश व्यक्तींनी पत्त्याच्या पट्टीकडे दृष्टीही न टाकता केवळ पानाच्या रूपावरून निर्णय दिला. या व्यक्तींना आपण परीक्षा देत आहोत हे ठाऊक होते, हे विशेष.

तेव्हा भिस्त बहिरंगपरीक्षेवर ठेवली पाहिजे, आणि संकेतस्थळाचे बहिरंग म्हणजे त्याचा पत्ता. तो वाचण्याची एक विशिष्ट दिशा आहे. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेली क्षेत्रनामांची व्यवस्था उतरंडीसारखी आहे. तिच्यात अधिकार उजवीकडून डावीकडे वाटला जातो. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये, कारण त्याच्या टपालाचा पत्ता तंतोतंत असाच असतो. ‘मु. शेंदुरसनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ, महाराष्ट्र’ हा पत्ता डावीकडून लिहिला जातो, पण टपाल वाटणारे कार्यालय तो शेवटाकडून वाचते : आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, शेवटी गाव. एखाद्याने नांदेडातील आपल्या घरास ‘यवतमाळ निवास’ असे नाव दिले म्हणून त्याचे पत्र यवतमाळास येत नाही.

‘लाडकीबहीण.महाराष्ट्र.जीओव्ही.इन’ या पत्त्यात ‘इन’ म्हणजे भारत, ‘जीओव्ही.इन’ हा भारतातील शासनसंस्थांसाठी राखलेला विभाग, त्यात ‘महाराष्ट्र’ हे राज्य शासन आणि त्याने स्वतः निर्माण केलेले ‘लाडकीबहीण’ हे दालन. आता ‘महाराष्ट्र.जीओव्ही.इन.योजनानोंदणी.कॉम’ हा कल्पित पत्ता पाहावा. डोळा डावीकडून निघतो, ओळखीचे तीन शब्द भेटताच स्वस्थ होतो आणि थांबतो. परंतु याचा धनी उजव्या टोकाकडील ‘योजनानोंदणी.कॉम’ ज्याने विकत घेतले तो आहे. डावीकडील सगळा मजकूर त्याने आपल्या घराच्या पाटीवर रंगविलेला आहे. ‘महाराष्ट्र-जीओव्ही.इन’ यातील लबाडी आणखी सूक्ष्म असते. तेथे बिंदूच्या जागी संयोगचिन्ह आहे, आणि संयोगचिन्हास या उतरंडीत कोणताही अधिकार नाही. तो सगळा मिळून एकच शब्द होतो व असा शब्द कोणीही थोड्या पैशांत नोंदवू शकतो.

उजवे टोक कोठे संपते हेही कळले पाहिजे. शिवकालीन पत्रांत मजकुराच्या अखेरीस मर्यादामुद्रा उमटवीत. तिच्यापुढे कोणी काही जोडले तर ते पत्राचा भाग मानले जात नसे. संकेतस्थळाच्या पत्त्यात हे काम, आरंभीची जोडरेघ सोडून पुढे येणारी पहिली एकेरी तिरपी रेघ करते. तिच्यापलीकडे ‘शासन’, ‘बँक’, ‘सुरक्षित’ असे काहीही लिहिलेले असो, ते घरातील खोल्यांची नावे होत. या रेघेपासून मागे, म्हणजे डावीकडे, चालत जाऊन पहिले दोन किंवा तीन शब्द वाचले की धनी सापडतो. यवतमाळच्या शारदाश्रमाशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या य. खु. देशपांडे यांच्यासारखे महानुभावीय पोथ्यांचे अभ्यासक पोथी हाती आल्यावर अखेरच्या पानावरील पुष्पिका पाहण्यास चुकत नसत, कारण लेखकाचे नाव, स्थळ व शक तेथे मिळण्याचा संभव असतो. त्याच सवयीचा हा उपयोग आहे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा : रेघेच्या अलीकडे ‘@’ हे चिन्ह आले तर त्याच्या डावीकडील सर्व भाग निरर्थक समजावा, खरा पत्ता चिन्हानंतर सुरू होतो.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे आणि तिचा विचार फारसा झालेला नाही. संकेतस्थळांची नावे रोमन लिपीत असतात आणि मराठी शब्दांचे रोमन लेखन कोणत्याही एका नियमाने होत नाही. ‘लाडकी’ या शब्दात ‘ड’ नंतर रोमन ‘ए’ लिहावा की लिहू नये? बोलण्यात तो स्वर नाही, लिहिण्यात आहे. शासनाने तो लिहिला आहे. परंतु तो न लिहिणारा पत्ता मराठी माणसाला चुकीचा वाटत नाही, उलट अधिक स्वाभाविक वाटतो. इंग्रज वाचकास आपल्या बँकेच्या नावातील एक अक्षर बदललेले खुपते, कारण त्या नावाचे एकच रूप त्याच्या डोळ्यांत मुरलेले असते; मराठी वाचकाच्या डोळ्यांत ‘यवतमाळ’चीच रोमन रूपे दोन-तीन असतात. तेव्हा वर्णभेदावरून नक्कल ओळखण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी मुळातच क्षीण आहे, आणि म्हणूनच शब्दाच्या रूपापेक्षा उजव्या टोकावर लक्ष ठेवणे त्याला अधिक आवश्यक. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्रनाम उपलब्ध झाले आहे. ते रुळले तर ही अडचण काही अंशी दूर होईल, पण निरनिराळ्या लिप्यांतील सारख्या दिसणाऱ्या वर्णांची निराळी अडचण तीबरोबर येते. २००२ साली गॅब्रिलोविच आणि गॉन्टमाखर यांनी एका प्रख्यात कंपनीच्या नावातील काही वर्ण रशियन लिपीतून घेऊन तेच दिसणारे, पण वेगळे असणारे क्षेत्रनाम नोंदवून दाखविले होते. अशा मिश्र नावांवर आजचे न्याहाळक काही प्रमाणात पहारा ठेवतात. डोळ्याने मात्र हा भेद पकडता येत नाही.

पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाविषयी एक गैरसमज दृढ झाला आहे. ते चिन्ह एवढेच सांगत असे की, वाचक आणि स्थळ यांच्यामधील पत्रव्यवहार लाखबंद आहे. लखोटा लाखबंद आहे म्हणून तो घेणारा सज्जन ठरत नाही. प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू लागल्यानंतर खोट्या स्थळांनीही ती घेतली, आणि अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम या न्याहाळकाने ते चिन्ह पट्टीवरून काढून टाकले.

याउलट भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ साली उचललेले पाऊल बहिरंगपरीक्षेस खरे साह्य करणारे आहे. भारतीय बँकांसाठी ‘बँक.इन’ हा विभाग राखून ठेवण्यात आला, तेथील नावे फक्त हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेमार्फत नोंदविली जातात, आणि बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्यास सांगण्यात आले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२५ च्या दुरुस्तीनेही लघुसंदेशांच्या प्रेषकनामास शेवटी एक अक्षर जोडले जाऊ लागले. ‘जी’ हे अक्षर असेल तर संदेश शासकीय, ‘पी’ असेल तर जाहिरातीचा. तेथेही खूण उजव्या टोकाला आहे. ‘आज रात्री वीजपुरवठा खंडित होईल’ असा जो संदेश २०२२ च्या सुमारास महावितरणच्या ग्राहकांस येत असे, तो साध्या दहा अंकी क्रमांकावरून आलेला असे. त्या एका गोष्टीवरून मजकूर न वाचताही तो बनावट ठरविता आला असता.

परंतु उजव्या टोकाची कसोटी सर्वत्र पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. वाहनांच्या उच्चसुरक्षा क्रमांकपाट्यांची नोंदणी महाराष्ट्रात खासगी कंत्राटदारांच्या स्थळांवर होत असल्यामुळे खऱ्या स्थळांचे पत्तेही ‘जीओव्ही.इन’ने संपत नव्हते, आणि या संदिग्धतेचा लाभ खोट्या स्थळांनी घेतला. शासनाने एका बाजूस नागरिकांस पत्ता पारखण्यास सांगावे आणि दुसऱ्या बाजूस पारखता न येणारा पत्ता द्यावा, ही विसंगती होय. अशा ठिकाणी वाट बदलणे एवढाच उपाय उरतो. संदेशातील दुव्याने न जाता परिवहन विभागाचे अधिकृत स्थळ स्वतः उघडावे व तेथून पुढे जावे. जे ॲप व्हॉट्सॲपवरून फाइलीच्या रूपात येते त्यास तर पत्ताच नसतो. ते बसविताना लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते आणि पुढे बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोरास दाखविते. ती फाइल न उघडणे, याखेरीज तिची दुसरी परीक्षा नाही.

ई-मेलच्या बाबतीत पत्ता पारखणे अधिक अवघड आहे. १९८२ च्या ज्या नियमावलीवर ई-मेलची वाहतूक उभी आहे, तिच्यात प्रेषकाने आपले नाव काय लिहावे यावर बंधन नव्हते. लखोट्याच्या पाठीवर कोणीही ‘कुलसचिव’ असे लिहू शकतो, तसेच हे. पुढे प्रेषकाच्या क्षेत्रनामाची पडताळणी करणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्था जोडल्या गेल्या व त्यांचा निकाल संदेशाच्या मूळ शीर्षकांत नोंदलेला असतो. परंतु पडद्यावर ठळक दिसते ते प्रेषकाने घेतलेले नाव. म्हणून नावाच्या मागील पूर्ण पत्ता उघडून पाहणे, आणि उत्तर जाणार तो पत्ता तोच आहे काय हे तपासणे अगत्याचे आहे.

विद्यापीठीय वर्ग या बाबतीत सुरक्षित आहे अशी कोणाची समजूत असेल तर २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने इराणमधील ‘मबना’ संस्थेशी संबंधित नऊ जणांवर ठेवलेले आरोपपत्र वाचावे. जगभरातील एक लाखाहून अधिक प्राध्यापकांच्या खात्यांवर गळ टाकण्यात आला व सुमारे आठ हजार खाती हाती लागली, असे त्यात म्हटले आहे. आमिष काय होते? दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या नावाने पत्र येई : आपला अमुक निबंध वाचला, फार आवडला, यासंबंधीचे हे आणखी काही लेख पाहावेत. दुवा उघडला की स्वतःच्याच विद्यापीठाचे प्रवेशपान दिसे, जणू मधेच खाते बंद झाले असावे. प्राध्यापक पुन्हा परवलीचा शब्द लिहीत. विद्वानास पैशाचा मोह नसेल, पण आपला निबंध कोणी वाचला याचा आनंद नाकारण्याइतका विरक्त विद्वान विरळा. भारतात याचीच दुसरी आवृत्ती ‘क्लोन’ नियतकालिकांच्या रूपाने आढळते. खऱ्या संशोधनपत्रिकेचे नाव आणि तिचा आयएसएसएन क्रमांक घेऊन समांतर संकेतस्थळ उभारावयाचे व प्रबंध सादर करण्याच्या घाईत असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रकाशनशुल्क घ्यावयाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘केअर’ सूचीत अशा पत्रिकांची वेगळी नोंद ठेवावी लागली होती. ती सूची २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याने पारखण्याचा भार आता पुन्हा विद्यापीठांवर व मार्गदर्शकांवर आला आहे. भारतीय शिक्षणसंस्थांसाठी ‘एसी.इन’ हा विभाग अर्नेट या संस्थेमार्फत राखलेला आहे. ‘विभागाचे अधिकृत नियतकालिक’ म्हणवणारे स्थळ त्याबाहेर असेल तर मूळ विभागास एक दूरध्वनी करण्याचे श्रम घेण्यास हरकत नसावी.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते. थकलेला, घाईतला डोळा कधीतरी चुकणारच, आणि ओटीपी त्यास वाचवीत नाही. खोटे स्थळ तो ओटीपी घेऊन त्याच क्षणी खऱ्या स्थळास देते. ज्या उपायांत पत्ता मनुष्य वाचत नाही, यंत्र वाचते, ते अधिक टिकाऊ आहेत. परवलीचे शब्द साठविणारा कार्यक्रम खोट्या पत्त्यावर आपणहून शब्द भरत नाही. तो गप्प राहिला तर ती धोक्याची खूण समजावी. पासकी आणि सुरक्षाकिल्ली यांची रचना तर अशी आहे की, त्या ज्या क्षेत्रनामासाठी निर्माण झाल्या त्याखेरीज दुसऱ्या नावास उत्तरच देत नाहीत. गूगल कंपनीने २०१७ च्या आरंभापासून आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांस अशी किल्ली वापरणे सक्तीचे केले, आणि २०१८ च्या मध्यापर्यंत त्यांपैकी एकाचेही कामाचे खाते फिशिंगने गेले नाही असे तिने जाहीर केले. सेवकवर्ग तेथे एकाएकी सावध झाला असे मानण्याचे कारण नाही.

किल्ली हातची गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा व बँकेस कळवावे. येथे तास मोजले जातात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर कळविण्याच्या क्षणापर्यंतची हानी त्याच्या माथी, त्यानंतरची बँकेच्या. लाजेने गमावलेली रात्र म्हणून फार महाग पडते. परवलीचा शब्द बदलावयाचा तो दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून. आणि तोच शब्द आणखी ज्या ज्या खात्यांस असेल तेथेही. तो फसवा ई-मेल मात्र रागाने पुसून टाकू नये. दुसऱ्यास पाठविताना त्याची मूळ शीर्षके गळून पडतात; म्हणून तो मूळ रूपात फाइल करून ठेवावा आणि तक्रारीसोबत तसाच जोडावा.